‘धरलंस ना? सोडते हं!’ : वस्तू या हातातून त्या हातात कशी जाते

मराठी घरातलं बारसं पाहिलं असेल तर पाळण्याच्या दोन अंगांना उभ्या राहिलेल्या दोघी आठवतील. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून पलीकडे जातं आणि वरून परत येतं. इंदूरला रामबागेतलं जुनं घर असो की सुदामा नगरातला फ्लॅट, हे अजून असंच चालतं. आता भोवती मोबाइलवाल्यांचं कडं असतं, एवढाच फरक. बाळ तीन-चार किलोचं. मान धरत नाही. त्यात दुपट्यात गुंडाळलेलं, म्हणजे दुपटं कुठे संपलं आणि बाळ कुठे सुरू झालं हे हाताला धड कळत नाही. देणारी बाळाची आत्या, घेणारी आईकडची मावशी. पुष्कळदा दोघींची ओळख त्याच सकाळची. तरी बाळ सुखरूप पाळण्यात पोहोचतं आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

विशेष आहे. दुसऱ्याच्या हातात वस्तू देण्याचं काम रोबोटला अजूनही आपल्याइतकं सहज जमत नाही, आणि म्हणूनच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संशोधकांनी माणसांच्या देवघेवीकडे फार बारकाईने पाहिलं. कपात, डब्यात, नळकांड्यात दाब मोजणारे सेन्सर बसवले आणि माणसांना म्हटलं, द्या एकमेकांना. त्यातून जे कळलं त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आधीच सांगून टाकते. वस्तू कधी सोडायची याचा निर्णय देणाऱ्याच्या हातात फारसा नसतो. घेणारा भार कसा उचलतो त्यावरून देणाऱ्याची बोटं सैल होत जातात, आणि हे सगळं आपल्या लक्षातही न येता होतं.

पण दोन हातांचं गणित एका हाताच्या गणितावर उभं आहे, म्हणून आधी एकाच हाताचं पाहू.

पाण्याने भरलेला पेला उचलला की त्यावर दोन जोर काम करतात. पेल्याचं वजन त्याला खाली ओढतं. 300 ग्रॅमचा पेला असेल तर ही ओढ साधारण 3 न्यूटनची. बोटं मात्र वर ओढत नाहीत, ती आडवी दाबतात. पेला टिकतो तो या आडव्या दाबातून कातडी आणि स्टील यांच्यात जे घर्षण तयार होतं, त्याच्या जोरावर. दाब कमी पडला तर पेला घसरतो, जास्त झाला तर बोटं दमतात आणि कागदी कप असेल तर चहा अंगावर. म्हणजे नेमका दाब हवा, आणि तो प्रत्येक वस्तूला वेगळा.

हा नेमकेपणा किती असतो, हे स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी मोजलं. 1984 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग दिसायला अगदी साधा होता. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एक छोटी वस्तू उचलायची. वस्तूच्या दोन्ही बाजूंना कधी रेशीम लावलेलं, कधी खरखरीत चामडं, कधी सँडपेपर. वजन तेच, पण रेशीम लावलं की बोटं जास्त दाबत, सँडपेपर असला की कमी. दर वेळी दाब घसरण्याच्या मर्यादेच्या थोडाच वर असे. ही वरकड साधारण 10 ते 40 टक्के असते. म्हणजे आपला हात अगदी काटकसरी आहे. उगाच करकचून धरत नाही, आणि ‘निसटेल बहुतेक’ इतकंही सैल ठेवत नाही.

हे जमतं कातडीमुळे. तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूला स्पर्श टिपणारे मज्जातंतू एका हाताला सुमारे 17,000 असतात, आणि बोटांच्या टोकांशी त्यांची दाटी सगळ्यात जास्त. वस्तू घसरायला लागते तेव्हा ती एकदम सगळी घसरत नाही. बोट जिथे टेकलेलं असतं त्या ठशाच्या कडेची कातडी आधी सुटते, मधली अजून धरून असते. हे कडेचं इवलंसं सुटणं त्या तंतूंना कळतं आणि साधारण 70-80 मिलिसेकंदांत पकड घट्ट होते. आपण ‘अरे’ म्हणायच्याही आधी. तेच डोळ्यांनी घसरणं पाहून हात हलवायचा म्हटला तर 200 मिलिसेकंद तरी जातात. फरक क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करा. मोकळी सुटलेली वस्तू 80 मिलिसेकंदांत 3 सेंटिमीटर खाली येते, 200 मिलिसेकंदांत 20. तीन सेंटिमीटरवर सावरता येतं. वीस सेंटिमीटरवर फरशी पुसावी लागते.

पाण्यात फार वेळ हात घालून भांडी घासली की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, त्याचाही इथे संबंध आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरकुतलेल्या बोटांना ओली वस्तू धरायला न सुरकुतलेल्या ओल्या बोटांपेक्षा कमी दाब पुरत असल्याचं दिसलं. टायरच्या खाचांची आठवण यावी असं काहीसं. असो.

घसरल्यावर सावरणं हा मात्र हाताचा शेवटचा उपाय. हाताची खरी हुशारी आधी ओळखण्यात आहे. हातातला पेला झटक्यात वर नेला तर त्या क्षणापुरता तो जड होतो, झटक्यात खाली आणला तर हलका. फ्लॅनगन आणि विंग या संशोधकांनी 1990च्या दशकात दाखवलं की बोटांचा दाब या बदलामागून धावत नाही, बदलाच्या जोडीनेच कमी-जास्त होतो. मेंदू हात हलवण्याचा हुकूम देतो तेव्हाच त्या हालचालीने भार किती बदलेल याचा अंदाज बांधून बोटांनाही हुकूम देतो. वाट पाहण्याची भानगड नाही.

अंदाज चुकला की काय होतं, हे गॅसचा सिलेंडर उचलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरगुती सिलेंडरमध्ये गॅस 14.2 किलो आणि रिकामं लोखंड जवळपास तितक्याच वजनाचं, म्हणजे भरलेला धरून साधारण 30 किलो. भरलेला समजून रिकाम्याला हात घातला की तो हिसक्यासरशी वर येतो आणि आपण मागे झुकतो. स्नायूंनी तिसाची तयारी केलेली असते, निघतात पंधरा. यातली एक गंमत फार जुनी. फ्रान्समधले डॉक्टर ओग्युस्तँ शार्पांतिये यांनी 1891 साली नोंदवलं की सारख्याच वजनाच्या लहान आणि मोठ्या वस्तूंपैकी लहान वस्तू आपल्याला जड वाटते. पुढे 2000 मध्ये फ्लॅनगन आणि बेल्ट्स्नर यांनी याच वस्तू लोकांना पुन्हा पुन्हा उचलायला लावल्या. थोड्याच वेळात बोटांचा जोर दोन्हींसाठी अचूक झाला. तोंडाने मात्र माणसं शेवटपर्यंत सांगत राहिली की लहान डबा जड आहे. बोटं शिकली, मालक शिकला नाही.

आता दुसऱ्या माणसाला आणू. त्याआधी घरच्या घरी करण्यासारखा एक प्रयोग आहे, तो कराच. उजव्या तळहातावर जाडसा ग्रंथ ठेवा, कोपर काटकोनात, डोळे मिटलेले. आधी डाव्या हाताने स्वतःच तो ग्रंथ उचला. उजवा हात जागचा हलत नाही. मग घरातल्या कोणाला तरी म्हणा, मला न सांगता उचल. तोच उजवा हात टुणकन वर उडतो. कितीही ठरवलं, ‘आता नाही हलू देणार’ म्हटलं, तरी उडतोच. 1982 मध्ये ह्युगाँ, मासिआँ आणि वीझेनडांगर या तिघांनी स्नायूंतले विद्युत संकेत टिपून याचं कारण दाखवलं. स्वतः उचलताना डाव्या हाताला हुकूम जातो त्याच वेळी उजव्या दंडाच्या स्नायूला ढिलं पडण्याचा निरोप जातो. भार कमी व्हायच्या क्षणीच स्नायू सैल झालेला असतो. दुसऱ्याच्या मेंदूतून असा निरोप आपल्या दंडाला येऊ शकत नाही.

देवघेवीची सगळी अडचण ही एवढीच. एका माणसाचे दोन हात एका मेंदूचे, त्यामुळे डाव्यातून उजव्यात चेंडू देणं म्हणजे काहीच नाही. दोन माणसांचे दोन हात दोन मेंदूंचे, आणि त्यांच्यामध्ये तार नाही. मग निरोप जातो कसा? थोडा डोळ्यांतून, थोडा खुद्द त्या वस्तूतून.

डोळ्यांचं काम आधी सुरू होतं. आपण कोणाला काही द्यायला हात पुढे करतो तेव्हा हाताचा वेग सुरुवातीला कमी, मधे सर्वांत जास्त आणि शेवटी पुन्हा कमी असतो. फ्लॅश आणि होगन यांनी 1985 मध्ये या हालचालीचं गणित मांडलं: हात कमीत कमी झटके बसतील असा रस्ता निवडतो. सगळ्यांचेच हात असे चालतात, म्हणून समोरच्याच्या हालचालीचा पहिला अर्धा भाग पाहूनच आपल्याला कळतं की हा हात कुठे आणि कधी थांबणार. आपण तिथे आपला हात पाठवतो. भेट होते ती बहुधा दोघांच्या साधारण मध्यावर. कोणी ठरवलेलं नसतं. नजरही बोलते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 2014 मध्ये एका रोबोटला लोकांच्या हातात पाण्याची बाटली द्यायला लावलं. रोबोटने मान वळवून, बाटली जिथे द्यायची त्या जागेकडे ‘पाहिलं’ तर लोक हात लवकर पुढे करत. रोबोटच्या डोळ्यांत पाहण्यासारखं काही नसतं, हे त्यांना माहीत होतं. तरी.

मग वस्तू दोघांच्या हातात असण्याचा तो क्षण येतो. हा क्षण नीट पाहायला कट चहाची टपरी उत्तम. काचेचा छोटा ग्लास अर्धाच भरलेला, त्यामुळे खालचा भाग पोळणारा आणि वरची कड तेवढी धरवणारी. देणाऱ्या पोराला तीच कड हवी, आपल्यालाही तीच. सरावलेला पोरगा ग्लास दोनच बोटांत, कडेच्या एका बाजूने धरतो आणि मनगट किंचित वळवतो की कडेची मोकळी बाजू आपल्याकडे येते. आपली बोटं तिथे टेकतात. तो लगेच सोडत नाही. आपण ग्लास केसभर वर उचलतो आणि त्यानंतर त्याची बोटं उघडतात. त्या वेळी तो आपल्याकडे पाहतही नसतो. त्याची नजर पुढच्या गिऱ्हाइकावर असते. त्याला कळतं ते ग्लासातून.

हेच सेन्सर लावून मोजलं गेलं आहे. अँड्रिया मेसन आणि क्रिस्टीन मॅकेन्झी यांनी 2005 मध्ये आणि वेस्ली चॅन व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये. चॅन यांचा प्रयोगही ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलाच. त्यांना दिसलं ते असं. घेणारा जसजसा भार उचलत जातो, तसतसा देणाऱ्याच्या वाट्याचा भार घटतो, आणि देणाऱ्याचा दाब त्याच प्रमाणात, जवळजवळ सरळ रेषेत, उतरत जातो. पलीकडे घेणाऱ्याचा दाब तसाच चढत जातो. कोणी एकाने सोडलं आणि दुसऱ्याने पकडलं, असा टप्पाच नाही. मधल्या काळात वस्तू दोघांची असते, फक्त हिस्से बदलत असतात.

पण शेवटी एक बारीकशी विषमता आहे, आणि माझ्या मते सगळी खुबी तिच्यात आहे. भार पूर्ण घेणाऱ्याकडे गेला तरी देणाऱ्याची बोटं लगेच मोकळी होत नाहीत. वजन शून्य, पण थोडा दाब शिल्लक. घेणारा किंचित ओढतो आणि मगच सुटका होते. कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढलं तरी जामीनदार सुटत नाही, तसं हे. संशोधकांनी कामाची वाटणी अशी सांगितली: वस्तू पडू नये ही जबाबदारी देणाऱ्याची, आणि देवघेव वेळेत उरकण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणूनच एखाद्याने पैशांची नोट पुढे केली आणि आपण ओढली तरी सोडली नाही, तर तो क्षण इतका चमत्कारिक वाटतो. न बोलता झालेला करार कोणीतरी मोडलेला असतो.

देणारा घेणाऱ्याचा अंदाजही बांधत असतो. इटलीतल्या मार्को कोंत्रोत्झी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की घेणाऱ्याचा हात झपाट्याने येताना दिसला तर देणारा पकड झपाट्याने सोडतो, संथ येताना दिसला तर संथपणे. म्हणजे स्पर्श होण्याआधीच, नुसता येणारा हात पाहून, सोडण्याचा वेग ठरत आलेला असतो. प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावर बोटं तो अंदाज ताडून पाहतात.

बोटांना काही कळेनासं झालं की मात्र पंचाईत. सणावारी भाताचं मोठं पातेलं ओट्यावरून खाली घ्यायचं असतं तेव्हा पाहा. दोन्ही बाजूंना जाड फडकी, किंवा एकीकडे सांडशी. फडक्यातून भार कळतो, पण घसरण्याच्या त्या इवल्या खुणा कळत नाहीत. मग माणसं बोलायला लागतात.

‘धरलंस ना?’

‘धरलं.’

‘नीट? सोडते हं.’

‘थांब थांब... हां, सोड.’

एरवी चहाचा कप देताना असं बोललं तर हसू येईल. इथे मात्र हे बोलणं बोटांच्या जागी काम करतं. बारशातलं ‘घ्या’ हेही, मला वाटतं, थोडंफार हेच काम करतं. दुपट्यातल्या बाळाला बोटांनी दाबून धरता येत नाही, नुसतं खालून पेलायचं असतं, म्हणून घर्षणाचा सगळा हिशेबच बाद. अशा वेळी दोघी आपोआप जवळ येतात, अंतर संपवतात, आणि देणारीचे हात घेणारीच्या हातांवर टेकल्यावरच हळूहळू खालून सरकतात. वर ‘गोविंद घ्या’चा ठेका दोघींना एकाच वेळी बांधतो. काही घरांत आधी कुंची घातलेला वरवंटा असा फिरवतात. त्यामागचा हेतू वेगळा असेल, पण तालीम म्हणून ते उत्तमच.

वस्तू कशी धरून द्यायची, हाही या विषयाचा भाग. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनबॉम यांनी 1990च्या सुमारास एक गोष्ट पुढे आणली. हॉटेलातला वेटर पालथे ग्लास उचलताना अंगठा खाली करून, अवघड वाटेल असा हात घालतो. कारण ग्लास सुलटा करून पाणी ओतताना हात सोईचा यायला हवा असतो. आपण सुरुवातीची गैरसोय सोसून शेवटची सोय पाहतो. दुसऱ्याला देताना ही शेवटची सोय पुष्कळदा त्याची असते. पाहुण्याला कप देताना कान पाहुण्याकडे आणि गरम पोट आपल्या बोटांत, हे कोणत्याही यजमानीणबाई विचार न करता करतात. हातोडा देताना दांडा पुढे, सुरी देताना मूठ पुढे.

कात्री मात्र आमच्या घरात हातात द्यायचीच नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. मीठ-मिरचीचंही तसंच; हातावर दिलं की भांडण होतं म्हणे. मिरचीच्या भांडणाबद्दल मला काही सांगता येणार नाही, पण कात्रीची पद्धत ऑपरेशन थिएटरातही आहे. सुया आणि धारदार हत्यारं सर्जनच्या हातात थेट न देता ठरवलेल्या एका ट्रेमध्ये किंवा जागेवर ठेवायची आणि तिथून त्याने उचलायची, अशी शिफारस केली जाते, हातमोजे फाटून इजा होऊ नये म्हणून. दोघांच्या हातात एकाच वेळी वस्तू असण्याचा जो क्षण कपाच्या बाबतीत सुरक्षिततेचा, तोच धारेच्या बाबतीत धोक्याचा. म्हणून तो क्षणच काढून टाकलेला.

दोन भावंडांत रिमोटवरून होणारी ओढाताण आठवा. ‘सोड ना!’ ‘तूच ओढतोयस!’ दोघंही खरं बोलत असतात. 2003 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी जोड्या केल्या आणि सांगितलं, समोरच्याने तुमच्या बोटावर जितका जोर लावला तितकाच उलट लावा. बरोबरी राहायला हवी होती. प्रत्यक्षात दर पाळीला जोर सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. कारण स्वतः लावलेला जोर मेंदूला आधीच माहीत असतो, त्यामुळे तो कमी जाणवतो. दुसऱ्याचा पूर्ण जाणवतो. देवघेवीत देणाऱ्याने सोडायला उशीर केला तर घेणारा जरा जास्त ओढतो, देणाऱ्याला तो हिसका वाटतो, बोटं आपोआप आवळतात, आणि कपातला चहा बशीत येतो.

आतापर्यंतची देवघेव थांबून केलेली होती. चालत्या वस्तूची देवघेव वेगळीच विद्या आहे. स्लॅब टाकताना मालाच्या तगाऱ्या हातोहात वर नेणारी रांग आता कमी दिसते, रेडिमिक्सचे पंप आले. पण इंदूरच्या आतल्या गल्ल्यांत, जिथे पंपाची गाडी शिरत नाही, तिथे अजून दिसते. त्या रांगेत तगारी कुठेच थांबत नाही. एकाच्या कमरेपासून झोका घेऊन निघते, दुसरा तिला त्याच झोक्यात, त्याच दिशेने हात नेत घेतो आणि पुढे देतो. थांबवली तर ती पुन्हा हलवायला नव्याने जोर लागेल, आणि दिवसभरात हजारभर तगाऱ्या असतील तर हा जोर परवडत नाही. नवखा गडी रांगेत आला की ओळखू येतो. तो तगारी घेतो, जवळ आणतो, मग देतो. त्याच्या मागच्यांचा ठेका तुटतो आणि मुकादमाचा आवाज चढतो.

विटांची फेक त्याहून देखणी. खालचा गडी वीट सरळ वर फेकतो, माळ्यावरचा झेलतो. झेलतो तरी कसा? वीट वर चढता चढता मंद होते आणि अगदी टोकाला पोहोचली की क्षणभर तिचा वर जाण्याचा वेग शून्य होतो. वरचा गडी हात तिथे ठेवून असतो. हवेत थांबलेली वीट तो नुसती उचलतो, तिला तडाखा असतो कुठे! सगळं कौशल्य खालच्याचं: किती जोराने फेकली की नेमकी या उंचीला थांबेल. इथेही वस्तूच्या सुरक्षिततेचा भार देणाऱ्यावरच, फक्त तो हातातून सुटण्याआधीच उचलावा लागतो.

रिले शर्यतीत तर घेणारा मागे पाहतच नाही. 4 × 100 मीटरमध्ये बॅटन 28 ते 30 सेंटिमीटर लांब आणि किमान 50 ग्रॅम वजनाचं. देवघेवीचा पट्टा आधी 20 मीटरचा होता, आता 30 मीटरचा आहे. पुढचा धावपटू पूर्ण वेगाने पळत हात मागे करतो, मागचा हाक देतो आणि बॅटन त्या तळव्यात ठेवतो. डोळ्यांची वाट बंद, वेळ सेकंदाच्याही अंशाचा. उरते ती हाक आणि बॅटनमधून जाणवणारी ओढ. ही दोनच सूत्रं असल्यावर काय होतं ते 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसलं. अमेरिकेच्या पुरुष आणि महिला दोन्ही 4 × 100 संघांचं बॅटन एकाच संध्याकाळी पडलं. जगातले सर्वांत वेगवान पाय असून.

रोबोटची अडचण आता लक्षात येईल. सुरुवातीला त्यांना एक साधा नियम शिकवायचे: अमुक जोराने ओढलं की पंजा उघड. मर्यादा जास्त ठेवली तर माणसाला वस्तू हिसकावून घ्यावी लागते, कमी ठेवली तर नुसता धक्का लागला तरी वस्तू खाली. चॅन यांच्या मोजमापांचा उपयोग इथेच झाला. एकदम उघडण्याऐवजी भार घटेल तसा दाब घटवायचा आणि शेवटचा थोडा राखून ठेवायचा, असं रोबोटला शिकवलं की घेणाऱ्याला तो कमी आडमुठा वाटतो. तरी ओला ग्लास, घामेजलेला हात, मधेच मन बदलून हात मागे घेणारं माणूस, असं काही आलं की त्याची गाडी अडते. बोटाच्या टोकावर हजारो तंतूंची कातडी बसवणं अजून स्वस्तही नाही आणि सोपंही नाही.

वय वाढलं की माणसाची कातडीही बदलते. घाम कमी येतो, बोटं कोरडी आणि गुळगुळीत होतात, स्पर्शही बोथट होतो. घसरण उशिरा कळते म्हणून म्हातारी माणसं त्याच पेल्याला तरुणांपेक्षा जास्त दाबून धरतात. तो हट्ट नसतो, हिशेब असतो. घेताना त्यांची ती किंचित वरची ओढ उशिरा येते किंवा थरथरत येते, आणि घाईतल्या देणाऱ्याला थरथर हीच ओढ वाटून तो सोडून मोकळा होतो. आजोबांना चहा देताना त्यांची बोटं कपाला लागली एवढ्यावर जाऊ नका; कप तुमच्या बोटांत हलका होऊन वर गेलेला जाणवेपर्यंत तसेच राहा. आणि गुळगुळीत स्टीलच्या पेल्याऐवजी मोठ्या कानाचा, थोडा खरखरीत मग घ्या, अर्ध्याच्या थोडा वर भरलेला.